काटफळ ते क्रूझ: बाळाची पथारी

दिवाळीच्या नाहीतर मे महिन्याच्या सुट्टीत क्रूझवर जायचं, हे बारामती-इंदापूरकडे आता अगदी नवलाचं राहिलेलं नाही. मुंबई-गोवा मार्गावर २०१८ साली ‘आंग्रिया’ धावली, २०१९ मध्ये जलेश कंपनीची ‘कर्णिका’ आली आणि पुढच्याच वर्षी कंपनी बुडाली. सप्टेंबर २०२१ पासून ‘कॉर्डेलिया’चं ‘एम्प्रेस’ हे १९९० सालचं जहाज मुंबईहून गोवा-लक्षद्वीपकडे जाऊ लागलं. बारामती एमआयडीसीत दोघंही नोकरीला असलेल्या जोडप्याला दोन-तीन रात्रींची अशी सहल सोयीची वाटते. एकदा सामान ठेवलं की रोज हॉटेल बदलायला नको, जेवण तयार, आजी-आजोबांनाही नेता येतं.

बुकिंग करताना सगळं विचारलं जातं. खोली बाल्कनीची की आतली, जैन जेवण मिळेल का, रात्रीचा कार्यक्रम किती वाजता. आठ-दहा महिन्यांचं बाळ झोपणार कुठे, हे मात्र खोलीचं दार उघडल्यावर आठवतं. समोर एक मोठा पलंग, एक अरुंद सोफा, भिंतीतून खाली उघडणारे दोन बर्थ आणि उरलेल्या जागेत बॅगा. मग कुणीतरी म्हणतं, “मध्ये झोपवू की. घरी झोपतंच ना?”

झोपतं खरं. पण कशावर झोपतं, तेही बघायला हवं. काटफळ, रुई, तांदूळवाडी, जळोची या एमआयडीसीच्या आसपासच्या वस्त्यांत भाड्याच्या एका खोलीत राहणारं कुटुंब असो किंवा शहरातल्या दोन खोल्यांमधलं, रात्री बहुतेकांची पथारी जमिनीवरच पडते. फरशीवर सतरंजी, तिच्यावर गोधडी, गोधडीवर बाळाचं दुपटं. अंग रुतत नाही. पडायला उंची नाही. भिंत आणि गादी यांच्यात फट नाही. आई एका कुशीवर, बाळ तिच्या छातीशी, बाप पलीकडे किंवा रात्रपाळीला. परिस्थितीने लादलेली ही व्यवस्था बऱ्याच अंशी सुरक्षित आहे, आणि हे आपल्याकडे कुणी नीट सांगत नाही. पाश्चात्त्य देशांतले बालरोगतज्ज्ञ बाळाला आईबापाच्या पलंगावर घेऊ नका म्हणतात, तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे स्प्रिंगची मऊ गादी, पिसांची जाड रजई आणि चार-सहा उशा असतात. जहाजाच्या खोलीतला पलंग नेमका तसा असतो. गोधडीवरची सवय तशीच उचलून त्या पलंगावर नेली की बाळाच्या दृष्टीने सगळं बदलतं. घरातल्यांना मात्र काही बदलल्यासारखं वाटत नाही.

याबाबतचं शास्त्र थोडक्यात असं. १९८० च्या दशकापर्यंत युरोप-अमेरिकेत बाळांना पालथं झोपवण्याचा सल्ला सर्रास दिला जाई. झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचा अभ्यास झाला तेव्हा पालथं झोपवण्याशी त्याचा संबंध ठळकपणे दिसला. १९९१ मध्ये ब्रिटनने, १९९२ मध्ये अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने बाळाला उताणं झोपवा असं सांगायला सुरुवात केली आणि काही वर्षांतच तिथले असे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. इतक्या स्वस्त उपायाचा इतका मोठा परिणाम वैद्यकात क्वचितच दिसतो. याच संघटनेने २०२२ मध्ये सुधारलेले नियम सांगतात: बाळ उताणं, सपाट आणि घट्ट पृष्ठभागावर, आजूबाजूला उशी-रजई-खेळणी काही नको, निदान पहिले सहा महिने आईबापाच्याच खोलीत पण वेगळ्या अंथरुणावर. तिरक्या आसनांत किंवा झोपाळ्यात नेहमीची झोप नको. आणि सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत बाळाला कुशीत घेऊन डोळा लागणं सगळ्यांत वाईट. त्यापेक्षा पलंग परवडला.

वेगळ्या अंथरुणाच्या मुद्द्यावर सगळ्यांचं एकमत नाही. जेम्स मकेना या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञाने आयुष्यभर आई आणि अंगावर पिणारं बाळ यांच्या एकत्र झोपेचा अभ्यास केला. त्याचं म्हणणं असं की ही जोडी झोपेतही एकमेकांना सावध ठेवते आणि तिला सरसकट धोका ठरवणं चूक आहे. ब्रिटनमधल्या संस्थांनी मधला मार्ग काढला आहे. एकत्र झोपणारच असाल तर कसं झोपावं ते त्या सांगतात आणि कधी अजिबात झोपू नये तेही सांगतात. दोघांपैकी कुणी दारू घेतली असेल, कुणी धूम्रपान करत असेल, झोपेची गुंगी आणणारं औषध घेतलं असेल, बाळ सदतीस आठवड्यांआधी जन्मलेलं किंवा जन्मतः अडीच किलोंहून कमी वजनाचं असेल, तर नाही. मला हा मधला मार्ग आपल्याकडे जास्त लागू पडतो असं वाटतं. काटफळच्या एका खोलीत राहणाऱ्या बाईला “बाळासाठी वेगळा कॉट घ्या” सांगून काय उपयोग? पण याच यादीतला पहिला मुद्दा क्रूझवर नेमका अडतो. दारूचं पॅकेज तिकिटाबरोबर घेतलं जातं, रात्री बाराला डेकवर गाणी चाललेली असतात, आणि एकला परत आलेला बाप मऊ पलंगावर बाळाशेजारी आडवा होतो.

तरीही एक दिलासा आहे. अचानक बालमृत्यूंचा सगळ्यांत धोक्याचा काळ दुसरा ते चौथा महिना, आणि असे बहुतेक मृत्यू सहा महिन्यांच्या आत होतात. मोठ्या आंतरराष्ट्रीय क्रूझ कंपन्या साधारण सहा महिन्यांखालच्या बाळाला घेतच नाहीत. सलग अनेक दिवस किनारा न दिसणाऱ्या सफरींना ही अट बारा महिन्यांची होते. यामागे झोपेचा विचार कमी. जहाजावर डॉक्टर असतो पण बालरोगतज्ज्ञ सहसा नसतो आणि किनाऱ्यावरचं रुग्णालय तासांच्या अंतरावर असतं, हे मुख्य कारण. नकळत का होईना, झोपेच्या दृष्टीने सर्वांत नाजूक काळ या अटीमुळे टळतो.

पण सहा महिन्यांनंतर धोका संपत नाही, फक्त बदलतो. आता बाळ लोळतं, रांगतं, नवव्या-दहाव्या महिन्यात कठडा धरून उभं राहतं. घरी गोधडीवरून लोळून ते फरशीवर आलं तर कुणाला जागही येत नाही. जहाजावरच्या दोन फूट उंच पलंगावरून लोळलं तर डोक्यावर पडतं. म्हणून आई काय करते, तर कडेने उशांचा बांध घालते. हा बांध सगळ्यांत फसवा. रांगणारं बाळ तो सहज ओलांडतं, आणि न ओलांडणाऱ्याचं नाक त्यात रुततं. पलंग भिंतीला लावून बाळाला भिंतीकडे झोपवणं हा दुसरा लोकप्रिय तोडगा. जहाज हलतं, गादी दोन बोटं सरकते आणि भिंतीशी फट पडते. बाळ अडकायला तेवढी पुरे. भिंतीतून उघडणाऱ्या बर्थवर तर तान्ह्याला कधीच ठेवू नये.

मग उरतो जहाजाचा स्वतःचा बेबी कॉट. बहुतेक मोठ्या कंपन्या जाळीच्या कडांचा, घडीचा कॉट मागितल्यास फुकट देतात. “मागितल्यास” हा शब्द महत्त्वाचा. कॉट मोजकेच असतात, सुट्टीच्या दिवसांत लवकर संपतात, आणि खोलीत एकच मावतो. जुळी असतील तर खोलीच वेगळी निवडावी लागते. एजंटने फोनवर “मिळेल, मिळेल” म्हटलं तर त्यावर जाऊ नये. बुकिंगच्या पावतीवर किंवा ईमेलमध्ये कॉटचा उल्लेख आला पाहिजे. लांबी-रुंदी विचारून घ्यावी, कारण आतल्या खोलीत तो उघडल्यावर बाथरूमचं दार उघडतं की नाही, हा प्रश्न खरोखर येतो. शिवाय बाळ कितीही छोटं असलं तरी खोलीच्या आणि लाइफबोटीच्या मोजणीत ते एक पूर्ण माणूस धरलं जातं. “मांडीवर बसेल” हा एसटीतला हिशेब इथे चालत नाही.

कॉट खोलीत आल्यावर दोन मिनिटं खर्च करायची. वरचे चारही दांडे तळहाताने जोर लावून दाबून बघायचे, खटका लागलाय का. १९९८ मध्ये शिकागोत एका पाळणाघरात असा घडीचा कॉट मधोमध मिटला आणि दीड वर्षाच्या आतल्या एका मुलाचा मान अडकून जीव गेला. तो कॉट पाच वर्षांपूर्वीच कंपनीने सदोष म्हणून परत मागवला होता, पाळणाघरापर्यंत ती बातमी पोचलीच नव्हती. त्या मुलाच्या पालकांनी लढा दिला आणि २००८ च्या अमेरिकी कायद्यात लहान मुलांच्या सामानाची सक्तीची तपासणी आली. भारतातल्या हॉटेलात किंवा जहाजावर मिळालेला कॉट कुठल्या साली घेतलेला, हे आपल्याला कुणी सांगणार नाही. म्हणून आपल्याच हाताने दाबून बघायचं.

दुसरी गोष्ट त्यातली गादी. ती पातळ असते, दोन बोटं जाडीची, हाताला कडक लागते. प्रत्येक आजी ती दाबून म्हणणार, “अगं, लेकरू याच्यावर कसं झोपेल?” आणि पलंगावरची रजई दुमडून खाली घालणार. घालू नये. ती गादी मुद्दामच तशी असते. तिच्यावर आणखी काही टाकलं की जाळीच्या कडेशी खाच तयार होते, आणि बाळ पालथं होऊन त्या खाचेत तोंड घालतं. घरच्या गोधडीची खूप सवय असेल तर तीही आत नको. बाळाचा वास असलेलं एखादं दुपटं आईच्या खांद्यावर असलेलं पुरतं.

मोहरीची उशीसुद्धा घरीच राहू द्यावी. डोकं गोल व्हावं म्हणून आपल्याकडे तिच्यावर फार श्रद्धा. एक वर्षाच्या आत उशीच नको, असं जगभरचे बालरोगतज्ज्ञ सांगतात. डोकं एका बाजूने चपटं होत असेल तर जागेपणी, नजरेसमोर, बाळाला रोज थोडा वेळ पालथं खेळवायचं. त्याने मानेला बळ येतं आणि डोकंही सावरतं.

खोलीची निवड हाही झोपेचाच भाग, पण तो लोक समुद्राच्या दृश्यावर सोडून देतात. खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मधोमध असलेली खोली सर्वांत कमी हलते. वर डिस्को किंवा स्वयंपाकघर नसलेली बघावी. आतली, खिडकी नसलेली खोली स्वस्त आणि दुपारच्या झोपेला उत्तम, कारण दिवे मालवले की मिट्ट काळोख. रात्री मात्र त्या काळोखात आईला दूध पाजता येत नाही, तेव्हा बाथरूमचा दिवा लावून दार फटीएवढं उघडं ठेवणं सोपं. जागा पुरत नाही म्हणून कॉट बाथरूममध्ये किंवा कपाटाच्या कोनाड्यात सरकवणारे लोक आहेत. तिथे हवा खेळत नाही, तसं करू नये. पडद्याच्या दोऱ्या, एसीचा झोत आणि दाराची वाट, या तिन्हींपासून कॉट दूर हवा. एसीमुळे आपण बाळाला गुंडाळतो आणि ते घामाघूम होतं. हातपाय गार लागले म्हणून घाबरायचं नाही, मानेच्या मागे हात लावून बघायचं. पांघरुणापेक्षा अंगात घालायची बिनबाह्यांची झोपपिशवी बरी, लाथा मारून ती तोंडावर येत नाही. बाळाला बोट लागेल ही भीती मात्र बहुतांशी फुकाची. दोन वर्षांखालच्या मुलांना तो त्रास क्वचितच होतो. बोट आईला लागते. त्यावरच्या काही गोळ्यांनी चांगलीच गुंगी येते. अशी गोळी घेतली असेल तर त्या रात्री बाळ तिच्या कुशीत नको.

पाण्याची गोष्ट निघाली की इंदापूरकराला उजनी आठवणारच. २१ मे २०२४ ला करमाळ्याच्या कुगावहून कळाशीकडे येणारी बोट वादळी वाऱ्यात उजनीच्या पाण्यात उलटली आणि सहाजण बुडाले. त्यांत दोन लहान मुलं होती. मोठ्या जहाजाची गोष्ट वेगळी आहे, आणि ती कायद्यामुळे वेगळी आहे. समुद्रातल्या जीवरक्षेच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार चोवीस तास किंवा त्याहून लांबच्या सफरीत प्रत्येक तान्ह्या बाळासाठी त्याच्या मापाचं लाइफजॅकेट जहाजावर असावंच लागतं. ते खोलीत नसेल तर पहिल्याच दिवशी सरावाच्या वेळी मागून घ्यावं. जॅकेट असं हक्काने मिळतं, कॉट मात्र कंपनीच्या मर्जीवर.

जहाजापर्यंतचा रस्ताही आहेच. बारामती ते मुंबई सुमारे अडीचशे किलोमीटर, वाटेत पुण्याची कोंडी. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा त्याच्या मापाचं आसन नसेल तर हजार रुपये दंड आहे. प्रत्यक्षात आपल्याकडे बाळ पुढच्या सीटवर आईच्या मांडीवर झोपतं. अपघातात आईचे हात त्याला धरून ठेवू शकत नाहीत, हे साधं गणित आहे. बाळाचं आसन घ्यावंच. पण त्यात बाळ झोपलं म्हणून मुक्कामाला पोचल्यावर त्याला तसंच ठेवून जेवायला बसू नये. बसत्या अवस्थेत हनुवटी छातीवर येते आणि श्वासाची वाट आकसते. अमेरिकेत ‘रॉक एन प्ले’ नावाचा तिरका झोपाळा लाखांनी खपला आणि बाळांच्या मृत्यूंनंतर एप्रिल २०१९ मध्ये कंपनीला परत मागवावा लागला. २०२२ मध्ये तिथे दहा अंशांपेक्षा जास्त तिरक्या झोपाळ्यांवर कायद्याने बंदीच आली. ऑनलाइन दुकानांतून असेच झोपाळे आपल्याकडे बारशाच्या भेटीत येतात.

प्रवासात बाळाला वेगळं अंथरूण द्यायचा रेल्वेने एकदा प्रयत्न केला. मे २०२२ मध्ये उत्तर रेल्वेने लखनौ मेलच्या एका डब्यात खालच्या दोन बर्थना ‘बेबी बर्थ’ जोडले, ७७० मिलिमीटर लांब आणि २५५ मिलिमीटर रुंद. कौतुक झालं आणि लगेच शंकाही आल्या. बाळ बाहेरच्या कडेला येतं, वरच्या बर्थवरून बाटली पडली तर थेट त्याच्यावर. तरी बाळ हा एक प्रवासी आहे आणि त्यालाही अंथरूण लागतं, हे रेल्वेला सुचलं, एवढ्यासाठी मी त्या प्रयोगाला गुण देतो. बाकी गाड्यांत लोक दोन बर्थच्या साखळ्यांना साडी बांधून झोळी करतात. विमानात पुढच्या भिंतीला लावायचा छोटा पाळणा मिळतो, साधारण दहा-अकरा किलोंपर्यंत, आणि विमान हादरू लागलं की बाळाला उचलून घ्यावं लागतं. एसटी स्थानकांवरच्या हिरकणी कक्षांत पाजायची सोय आहे, निजवायची नाही.

झोळीबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण क्रूझवरही कुणीतरी कपाटाच्या दांडीला ती बांधायचा विचार करणारच. झोळीत बाळ पटकन शांत होतं, कारण कापड चहूबाजूंनी अंगाला लागतं आणि झोका मिळतो. आईचे हात मोकळे राहतात. हजारो वर्षांची ही युक्ती एका नियमाच्या फटकाऱ्याने मोडीत काढण्यात मला शहाणपण दिसत नाही. पण झोळीचा तळ सपाट नसतो, पाठ वाकते, मान पुढे येते, आणि तोंडावर कापड येऊ शकतं. न्यायवैद्यकाच्या नियतकालिकांत साडीच्या झोळीने गळफास बसल्याच्या घटना नोंदलेल्या आहेत. त्यांत झोळीशी खेळणारी, तिला पीळ घालणारी थोडी मोठी मुलंही आहेत. तेव्हा डोळ्यांसमोर, जागं माणूस शेजारी असताना, दिवसा झोळी ठीक. रात्रभरासाठी नाही, आणि जहाजाच्या कपाटाच्या दांडीला तर मुळीच नाही. ती दांडी कोट टांगायला केलेली असते.

इतर समाजांनी हाच पेच कसा सोडवला, ते बघण्यासारखं आहे. फिनलंडचं सरकार १९३८ पासून बाळंतिणींना कपड्यांनी भरलेला पुठ्ठ्याचा खोका देतं. तळाशी छोटी गादी असते आणि खोकाच पहिले काही महिने बाळाचा बिछाना होतो. १९३८ मध्ये तो फक्त गरीब कुटुंबांना मिळे, १९४९ पासून सगळ्यांना. न्यूझीलंडच्या माओरी लोकांत बाळाला कुशीत घेऊन झोपायची पद्धत आपल्यासारखीच पक्की. त्यांना वेगळा कॉट घ्या म्हणून सांगून कुणी ऐकेना. तेव्हा पारंपरिक विणकामाची सपाट तळाची एक टोपली पुढे आली. ती आईच्या शेजारी, त्याच अंथरुणावर ठेवायची. बाळ कुशीतच, पण स्वतःच्या जागेत. २०११ च्या ख्राइस्टचर्च भूकंपानंतर तशाच प्लास्टिकच्या पेट्या भूकंपग्रस्त कुटुंबांना वाटल्या गेल्या. आपल्याकडे बुरुडांच्या हाताला हे काम अवघड नाही. सपाट तळ, वीतभर उंच कडा, कडक पातळ गादी. प्रवासात गाडीच्या डिकीत मावेल, घरी गोधडीशेजारी बसेल. लोळायला लागेपर्यंतचे चार-पाच महिने त्यात सहज निघतील.

क्रूझवाल्यांकडून मात्र एक गोष्ट घेण्यासारखी आहे. ब्रिटनच्या पी अँड ओ कंपनीच्या कुटुंबांसाठीच्या जहाजांवर ‘नाइट नर्सरी’ असते. संध्याकाळी सहा ते रात्री दोनपर्यंत सहा महिने ते चार वर्षांची मुलं एका काळोख्या, शांत खोलीत आपापल्या कॉटमध्ये झोपतात, प्रशिक्षित माणसं जागी राहून लक्ष ठेवतात आणि बाळ रडलं तर आईबापांना बोलावतात. वेगळे पैसे नाहीत. आईबाप निवांत जेवतात, नंतर झोपलेलं मूल उचलून खोलीत नेतात. मुंबईहून जाणारं जहाज निवडताना ‘किड्स झोन’ कितव्या वर्षापासून, असं विचारावं. बहुतेकदा तो चालत्या-बोलत्या मुलांसाठी असतो, तान्ह्यांसाठी नाही. मग एक रात्र आई जागणार, एक रात्र बाप, असा करार घरूनच करून निघालेलं बरं. आजीला न विचारता गृहीत धरणं हा आपल्याकडचा सार्वत्रिक करार मला मान्य नाही. तिनेही तिकीट काढलेलं असतं.

आईबाप जेवायला जातात तेव्हा बाळाला कॉट आणि जागं माणूस मिळतं, ही समुद्रावरची सोय. आईबाप कामाला जातात तेव्हा काय? कारखाना कायदा १९४८ च्या कलम ४८ नुसार तीसपेक्षा जास्त स्त्री कामगार असलेल्या कारखान्यात पाळणाघर सक्तीचं होतं, आणि नियमांत प्रत्येक तान्ह्यासाठी खाट किंवा पाळणा आणि अंथरूण असं नावानिशी सांगितलेलं होतं. म्हणजे जे क्रूझवर मर्जीने मिळतं, ते कारखान्यात कागदावर तरी कधीचंच हक्काचं आहे. २०१७ च्या मातृत्व लाभ दुरुस्तीने सव्वीस आठवड्यांची रजा दिली, पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघर सक्तीचं केलं आणि आईला दिवसातून चारदा तिथे जायची मुभा दिली. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या श्रम संहितांनीही पन्नासचाच आकडा धरला आहे. त्यात पुरुषही मोजले जातात ही जमेची बाजू, पण तीसहून थोड्याच जास्त बायकांचा छोटा कारखाना त्यातून सुटतो ही खोट.

बारामती एमआयडीसीत पियाजिओ, फेरेरोसारखे मोठे कारखाने आहेत, टेक्स्टाइल पार्कमध्ये शिलाई मशिनवर बायकांचीच संख्या मोठी. त्यांच्या मधोमध वीस-पंचवीस माणसांच्या शेडही आहेत, इंदापूरच्या लोणी देवकर एमआयडीसीतही तेच. तिथवर पन्नासचा नियम पोचत नाही. पण संहितेनेच वाट ठेवली आहे: अनेक आस्थापनांनी मिळून एकच पाळणाघर चालवता येतं. एमआयडीसीसारख्या एका कुंपणातल्या वसाहतीला ही तरतूद जणू मापून शिवली आहे. गेल्या काही वर्षांत केंद्राच्या मिशन शक्तीत अंगणवाडीतच पाळणाघर चालवायची ‘पाळणा’ योजनाही आली. तिची वेळ आणि कारखान्याची पाळी जुळवणं हे खरं काम. सकाळच्या पाळीला सातला हजर व्हायचं तर बाळ साडेसहाला कुठेतरी निजलेलं पाहिजे.

आणि या सगळ्याच्या बाहेर उसाचा फड. बारामतीत माळेगाव आणि सोमेश्वर, इंदापुरात भवानीनगरचा छत्रपती आणि बिजवडीचा कर्मयोगी. क्रूझचा हंगाम आणि गाळपाचा हंगाम साधारण एकाच वेळी, पावसाळा सरला की सुरू होतो. बीड, पाथर्डीकडून टोळ्या येतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायको, आणि तान्हं असेल तर तेही बरोबर. कोप्या पडतात, पहाटे चारला फडात जायचं असतं. बाळ बांधावर पाचटावर निजतं, नाहीतर उभ्या बैलगाडीच्या खाली साडीच्या झोळीत. पाचट धारदार, गाडीखाली सावली असते पण ट्रॅक्टरचा रस्ताही तिथूनच जातो. उचल मुकादमाने दिलेली, करार तोडणी-वाहतुकीचा, त्यामुळे हे बाळ कारखान्याच्या कलमात बसत नाही आणि मुकादमाच्या वहीतही नाही.

बांधकामाच्या जागांवर हेच चित्र होतं. १९६९ मध्ये मीरा महादेवन यांनी दिल्लीत एका बांधकामावर तंबूत फिरतं पाळणाघर सुरू केलं आणि तेच काम पुढे मुंबई-पुण्यातही उभं राहिलं. ऊसतोडीच्या मुलांसाठी साखरशाळा निघाल्या, त्या पहिलीच्या पुढच्या मुलांसाठी. तान्ह्यांसाठी हवी कोप्यांच्या तळावर पत्र्याची एक शेड, आठ-दहा लाकडी पाळणे, सपाट तळाचे, आणि टोळीतल्याच एका बाईला दिवसाच्या तोडणीइतकी मजुरी. गाळपाच्या पाच महिन्यांसाठी हा खर्च कुठल्याही साखर कारखान्याच्या ताळेबंदात वेगळा दिसणारही नाही. पुढच्या हंगामाच्या करारात तो घालायला वार्षिक सभेत एकाने हात वर करावा लागेल, आणि सभासद बहुतेक बारामती-इंदापूरचेच आहेत.